हप्त्यामागचे महिनेही मोजा: पतधोरण समितीला खुले पत्र

माननीय गव्हर्नर श्री. संजय मल्होत्रा आणि रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बदलापूरला राहते आणि फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम बघते. रोज सकाळी सीएसएमटीला उतरून ऑफिसकडे चालत जाताना शहीद भगतसिंग मार्गावरची आपली उंच इमारत दिसते. दर दोन महिन्यांनी आपण जो रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, जाहीर करता, त्यावर आमच्या घरातल्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे हिशेब बसलेले आहेत. म्हणून हे पत्र. आत्ताच लिहायचं कारण असं, की किरकोळ महागाई ४ टक्के, फार तर २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवायचं जे उद्दिष्ट आपल्याला दिलेलं आहे, त्याची पाच वर्षांची मुदत येत्या ३१ मार्च २०२६ ला संपते आहे. पुढचं ठरत असताना कर्जदाराच्या बाजूचा हिशेबही आपल्यासमोर असावा, एवढ्यासाठी माझं कर्जखातं उघडून दाखवते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही वन बीएचके घेतला. किंमत ३६ लाख. सहा लाख आमचे, त्यातले दोन माझ्या पीएफमधून काढलेले आणि दीड लाख सासूबाईंनी दिलेले. उरलेलं ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांसाठी. दर ६.७५ टक्के, म्हणजे तेव्हाचा ४ टक्के रेपो आणि वर बँकेचे पावणेतीन. हप्ता २२,८११ रुपये. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात मुद्रांक शुल्क कमी केलं होतं आणि ओळखीतल्या चार-पाच घरांनी त्या वेळी धडाधड नोंदणी करून टाकली होती. ती सवलत आमची हुकली. पण बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का शुल्क कमी, ही मिळाली, म्हणून फ्लॅट माझ्या नावावर आहे. ‘एवढं स्वस्त कर्ज पुन्हा मिळायचं नाही’ हे वाक्य तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात, बँकेत, नातेवाइकांत, सगळीकडे ऐकलं. कर्ज स्वस्त होतं म्हणूनच घर आवाक्यात आलं, हे खरंच होतं.

मग ४ मे २०२२ उजाडला. ठरलेली बैठक नसताना दुपारी अचानक बातमी आली, रेपो ४.४०. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के. मी हे चुकीचं होतं असं म्हणत नाही. युक्रेनचं युद्ध पेटलं होतं, एप्रिल २०२२ ची महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली होती आणि गोडेतेलाची पिशवी घेताना हात थांबत होता. महागाई मोकळी सुटली की पहिला चटका ठरावीक पगाराच्या माणसालाच बसतो, हे मला कोणी शिकवायला नको. माझं म्हणणं आहे ते ही वाढ आमच्यापर्यंत कशी पोहोचली, याबद्दल.

ती आवाज न करता आली. जून २०२२ च्या हप्त्यातले ६,१७४ रुपये मुद्दलात गेले होते. जुलैपासून बँकेने दर बदलला, हप्ता मात्र तोच ठेवला. त्यामुळे खात्यातून दरमहा तेवढेच पैसे कापले जात होते आणि घरात कोणाला काही जाणवलंच नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्राप्तिकराच्या कामासाठी म्हणून मी स्टेटमेंट काढलं. हप्ता २२,८११. व्याज २२,०१०. मुद्दल ८०१ रुपये. मी दिवसभर दुसऱ्यांची खाती जुळवते, तरी तो आकडा मी तीनदा वाचला. ३० लाखांच्या कर्जात महिन्याला ८०१ रुपये! एप्रिलमध्ये दर ९.२५ झाला, त्या दराने महिन्याचं व्याजच २२,६०२ होत होतं. जुन्या हप्त्यात मुद्दलासाठी २०९ रुपये उरत होते. याहून थोडा जरी दर चढला असता, तर हप्ता भरूनही कर्ज वाढत गेलं असतं.

त्याच महिन्यात बँकेचा इंग्रजी एसएमएस आला. हप्ता २६,०३० केला होता आणि मुदत ४१ महिन्यांनी वाढवली होती. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी फिटणारं कर्ज आता साठीच्या तोंडाशी गेलं. माझ्या नवऱ्याने एसएमएस वाचून एवढंच विचारलं, “म्हणजे मुलीचं कॉलेज संपल्यावरही चालूच का?”

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस माझे ५० हप्ते पूर्ण झाले. एकूण भरले १२ लाख ४६ हजार रुपये. मुद्दल उतरलं २ लाख १२ हजार. बाकी सगळं व्याज.

गेल्या वर्षी आपण दर उतरवले. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव, जूनमध्ये एकदम अर्धा आणि ५ डिसेंबरला पुन्हा पाव. रेपो ५.२५ वर आला आणि माझा दर ८ टक्क्यांवर. मी हप्ता खाली आणला नाही, त्यामुळे मुदत कमी होत होत जवळपास मूळच्या ठिकाणी आली आहे. त्यासाठी मी मनापासून आभारी आहे. पण महिन्याला ३,२१९ रुपये जास्त भरून मी तिथे पोहोचले आहे, जिथे मला २०२१ चा करार तसाही नेणार होता.

आता घरांच्या बाजाराबद्दल, कारण माझ्या एकटीच्या खात्यापेक्षा तो मोठा विषय आहे.

व्याजदर वाढले की मागणी घटते आणि किमती उतरतात, असं आम्ही कॉमर्सला शिकलो. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात मी २०२२-२३ मध्ये जे पाहिलं ते असं होतं: बिल्डरने चौरस फुटाचा भाव एक रुपयानेही उतरवला नाही. स्टॅम्प ड्युटी आम्ही भरतो, मॉड्युलर किचन फुकट, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, असे बोर्ड लागले. भाव कागदावर तसाच ठेवायचा आणि सूट दुसऱ्या वाटेने द्यायची. एकदा का एका फ्लॅटचा भाव कमी लावला, की आधी घेतलेले शंभर जण दारात उभे राहतात, हे त्यामागचं कारण. शिवाय महागाईने सिमेंट, सळई, मजुरी सगळंच वाढलेलं, आणि बिल्डरचं स्वतःचं कर्जही महागलेलं. त्यामुळे स्वस्त कर्जाच्या दिवसांत चढलेला भाव महाग कर्जाच्या दिवसांत खाली आला नाही. घेणाऱ्याला चढा भाव आणि चढं व्याज, दोन्ही एकदम भरावं लागलं.

याचा परिणाम मुंबईच्या भागात स्टेशनांमध्ये मोजता येतो. महिन्याला २२,८११ रुपये हप्ता झेपणाऱ्या माणसाला ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाख मिळत होते. तोच माणूस, तोच पगार, पण दर ९.२५ झाला की साधारण २४ लाख ९० हजार. पाच लाख कमी. ठाण्याचं घर बघणारा डोंबिवलीला येतो, डोंबिवलीचा बदलापूरला, बदलापूरचा वांगणी, शेलू, नेरळला. आमच्या लेडीज डब्यात सकाळी वांगणी-नेरळहून चढून येणाऱ्या बायकांची ओळख अशीच झाली. त्यातली एक परळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. २०२३ मध्ये बदलापूरचं घर मंजूर कर्जात बसेना म्हणून ती नेरळला गेली. सकाळची ड्यूटी असली की पहाटे साडेतीनला उठते. पतधोरणाच्या चर्चेत ‘मागणीवर परिणाम’ असे दोन शब्द येतात, त्या दोन शब्दांत तिची झोप आहे, हे आपल्याला कळवावंसं वाटलं.

आणि ज्यांनी घर घेतलंच नाही त्यांचं काय? आमच्याच मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहतं. त्यांच्या घरमालकाचाही हप्ता चालू आहे. २०२३ मध्ये अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, माझा हप्ता वाढला, भाडं वाढवावं लागेल. वाढवलं. म्हणजे महागाई आटोक्यात आणायला वाढवलेला दर एका वाटेने भाड्यात शिरला, आणि भाडं तर आपल्या महागाईच्या आकड्यात मोजलं जातं.

इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सांगते. ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के निघाली. त्याच महिन्यात आमच्या समोरच्या नव्या इमारतीत, माझ्यासारख्याच वन बीएचकेचा भाव ४६ लाख सांगत होते. चार वर्षांत दहा लाखांचा फरक. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ग्राहक किंमत निर्देशांकात घराची किंमत धरतच नाहीत, घरभाडं धरतात. सध्याच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत घराच्या गटाचा, म्हणजे मुख्यतः घरभाड्याचा, वाटा १०.०७ टक्के आहे, आणि खाण्यापिण्याचा ४५.८६. त्या घरभाड्यात सरकारी क्वार्टर्सही धरल्या होत्या, म्हणून २०१७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता वाढला तेव्हा, बाजारातलं भाडं फारसं हललं नसतानाही, आकडा फुगला होता. हे आपल्यालाही तेव्हा वेगळं काढून सांगावं लागलं होतं. फेब्रुवारीत २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका येते आहे, तिच्यात घराचं चित्र अधिक खरं उमटावं अशी आशा आहे.

घराची किंमत महागाईत धरा, असं मी मागत नाही. ती धरली तर बाजार तापल्यावर आपल्याला दर आणखी वाढवावे लागतील आणि तो बोजा पुन्हा आमच्यावरच येईल, एवढं समजतं. घर ही मालमत्ता आहे, रोजचा खर्च नव्हे, हा युक्तिवादही मला ठाऊक आहे. पण ज्याला राहायला एकच घर घ्यायचंय, त्याच्यासाठी आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च तोच. रिझर्व्ह बँक स्वतः दर तिमाहीला घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते. मग दर ठरवल्यावर आपण जे निवेदन वाचता, त्यात महागाईच्या आकड्याशेजारी या निर्देशांकालाही प्रत्येक वेळी एक परिच्छेद द्या. आणि त्याच परिच्छेदात सांगा, की या निर्णयाने २० वर्षांच्या सर्वसाधारण गृहकर्जाचे किती महिने वाढले किंवा कमी झाले. पाव टक्का म्हटलं की काहीच डोळ्यासमोर येत नाही. महिने सांगितले की कळतं.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती माझ्याच घरात आहे. सासूबाईंची आठ लाखांची ठेव बँकेत आहे. सासऱ्यांच्या मागे त्यांचं स्वतःचं असं तेवढंच. साडेसात टक्क्यांनी महिन्याला पाच हजार येत होते, त्यात त्यांची औषधं, भिशी आणि नातीला द्यायचे वाढदिवसाचे पैसे बसत. नोव्हेंबरमध्ये ठेवीचं नूतनीकरण झालं ते पावणेसातने. आता साडेचार हजार. मी दर उतरल्याची बातमी आनंदाने सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुला मिळाले ते माझ्यातूनच गेले ना गं?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी आपल्याला दर आणखी उतरवा असं सांगत नाही. तो निर्णय आपला, सगळ्यांकडे बघून घ्यायचा. पण जो घ्याल तो सरळ, सारखा आणि आम्हाला समजेल असा पोहोचावा, हे मात्र मागते.

सारखा पोहोचत नाही, त्याची दोन उदाहरणं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलीच पाहिजेत, असा आपला नियम आहे आणि तो फार चांगला आहे. पण गृहवित्त कंपन्यांना तो लागू नाही, त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात. माझ्या डब्यातल्या मैत्रिणीचं कर्ज अशा एका कंपनीचं. चढताना तिचा दर माझ्याबरोबरच चढला. उतरताना माझा सव्वा टक्का उतरला, तिचा अर्धा. बाकीचा हवा असेल तर कन्व्हर्जन फी, म्हणजे दर बदलून घ्यायचं शुल्क, भरा, असं तिला सांगितलं. जिचा पगार बँकेच्या निकषात बसत नाही, जिच्याकडे पगारावर कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म सोळा, नाही, तीच बहुतेक वेळा अशा कंपनीकडे जाते. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, तिला आपल्या कपातीतलं सगळ्यात कमी मिळतं. २०१९ पासून या कंपन्यांचं नियमन आपल्याच हाती आहे. बँकांचा नियम त्यांनाही लावा.

दुसरं उदाहरण माझंच. आज नव्या कर्जदाराला माझीच बँक रेपोवर साधारण दोन टक्के लावून कर्ज देते. मी पन्नास हप्ते एकही न चुकवता भरलेत आणि माझ्यावर अजून पावणेतीन टक्के आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून आपण बँकांना तीन वर्षं पूर्ण व्हायची वाट न बघता जुन्या कर्जदाराचा हा वरचा टक्का कमी करायची मुभा दिली. ते परिपत्रक छापून घेऊन मी शाखेत गेले. समोरचे साहेब भले होते, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, यात ‘करू शकता’ असं आहे, ‘करा’ असं नाही. तुम्ही बॅलन्स ट्रान्सफर का करत नाही?” कर्ज असं दुसऱ्या बँकेत नेणं म्हणजे नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, पुन्हा गहाणखताचं मुद्रांक शुल्क, दोन-तीन रजा. त्यातून वाचणार किती, हे मी मांडून बघितलं आहे आणि कदाचित करेनही. पण माझी बारा लाखांची परतफेड जिच्या दप्तरी आहे, त्या बँकेने मला दुसरीकडे जा म्हणावं, हे मनाला लागलं. ‘करू शकता’च्या जागी ‘करा’ लिहिणं आपल्या हातात आहे. चांगली परतफेड असलेल्या जुन्या कर्जदाराला नव्यापेक्षा जास्त दर लावता येणार नाही, एवढंच लिहा.

आणि शेवटचं, मुदतीबद्दल. ऑगस्ट २०२३ मध्ये आपण आदेश काढला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, तिमाही विवरण द्या, हप्ता व्याजापेक्षा कमी पडू देऊ नका. मला आलेल्या एसएमएसनंतर चारच महिन्यांनी. तो वाचून मला खरोखर बरं वाटलं होतं. पण गेल्या वर्षी दर चार वेळा उतरला, तेव्हाही मला कोणी काही विचारलं नाही. हप्ता तसाच ठेवायचा हा माझा निर्णय मी स्वतः अर्ज देऊन नोंदवला, तोही अर्जाचा नमुना शाखेत शोधावा लागला. माझ्या मजल्यावरच्या दोघांना अशी निवड असते हेच माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून नवं कर्ज देताना मुख्य अटींचं विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. मग दर बदलतानाची सूचनाही तशीच, मराठीत द्यायला काय हरकत आहे? एक पान पुरे: जुना दर, नवा दर, या महिन्यात मुद्दलात किती गेले, किती महिने राहिले, दोन पर्यायांत एकूण व्याज किती. खाली सहीची जागा. आणि पंधरा दिवसांत सही आली नाही, तर मुदत आपोआप वाढवायच्या आधी एक फोन.

मला जुलै २०२२ मध्ये असं एक पान मिळालं असतं, तर हप्ता मी त्याच महिन्यात वाढवून घेतला असता. तेव्हा माझ्या नवऱ्याला ओव्हरटाइम मिळत होता, मुलगी तिसरीत होती, पैसे निघाले असते. २०२३ मध्ये ओव्हरटाइम बंद झाला.

आपली पुढची बैठक फेब्रुवारीत आहे. त्या दिवशीही संध्याकाळच्या गाडीत, डोंबिवली गेल्यावर जरा बसायला जागा झाली की, आम्ही चौघी मोबाइलवर आपलं निवेदन उघडू. चौघींचे मिळून ५३ वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत.

आपली विश्वासू,
बदलापूरची एक गृहकर्जदार
जानेवारी २०२६